चार खांब आणि एक पावसाळा

सुट्टी लागली की तुमच्यापैकी निम्म्या जणांना एक स्वप्न हमखास पडतं. रानात आपली स्वतःची लाकडी खोली! वही काढायची, चौकोन आखायचा, वर त्रिकोणी छप्पर. चित्र झकास दिसतं. पण ते उभं राहतं का? माझं नाही राहिलं!

आमचं शेत बुलढाण्याजवळ, घाटावर. ज्वारी निसवली की रोही आणि रानडुकरं यायची, म्हणून आबा रात्री जागलीला माळ्यावर झोपत. मी सातवीत असताना आतेभावानं आणि मी ठरवलं, आपण याहून भारी खोली बांधायची. आबांनी गोठ्यासाठी सागाचे चार खांब वाळत ठेवले होते. ते आम्ही न विचारता उचलले. खड्डे खणून पुरले, तुराट्यांचा कुड घातला, वर टिनपत्रे टाकले. दार पश्चिमेला, मावळता सूर्य दिसावा म्हणून. आठ दिवस आम्ही राजे होतो.

मग जून आला. आपल्याकडे पावसाचा वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो, हे भूगोलात पाठ केलं होतं. दार ठेवताना कोणाला आठवलं? पहिल्याच सरीत अंथरूण भिजलं. छपराला वळचणही ठेवली नव्हती. वीतभर पत्रा बाहेर असता, तर निदान कुड तरी वाचला असता. दिवाळीपर्यंत खोली कलली. खांब उपसले, तर दोन बुंध्याशी मनगटाएवढे उरलेले!

आबा ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. एक खांब माझ्यापुढे आडवा टाकून म्हणाले, "पाय बरं, उधईनं कुठून खाल्लं ते."

बाहेरचं फिकट लाकूड गेलं होतं, आतला तपकिरी गाभा शाबूत होता. सागाच्या गाभ्यात वाळवीला न मानवणारी द्रव्यं असतात. कडेच्या फिकट लाकडात ती फारशी नसतात. आमचे खांब कोवळ्या झाडांचे, गाभा थोडा. त्यातून ओल्या मातीत पुरलेले. आबांनी मग गावातल्या जुन्या घराचे खांब दाखवले. प्रत्येकाखाली दगड, तळखडा. लाकूड मातीला शिवतच नव्हतं.

पण न पुरलेला खांब डुलणार नाही का? डुलेल ना! चार काड्या टोकांना जोडून चौकोन करा आणि दाबा, लगेच तिरपा होतो. तीन काड्यांचा त्रिकोण दाबून बघा बरं! म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात तिरपी पट्टी हवी, आणि वादळात खोली उचलली जाऊ नये म्हणून खांब दगडी पायाशी लोखंडी पट्टीनं जखडलेला हवा.

आता खोली केवढी? चंदीगडची आखणी करणारे वास्तुशिल्पी ल कॉर्बुझिए यांनी १९५२ साली फ्रान्सच्या समुद्रकाठी स्वतःसाठी लाकडी खोली बांधली. एवढा मोठा माणूस, आणि खोली १२ फूट बाय १२ फूट! छत हात वर केलेल्या माणसाच्या उंचीचं, सुमारे सव्वादोन मीटर. स्वयंपाकघर नाहीच, शेजारच्या खानावळीत जायला आतूनच दार. (रानात ही सोय कुठून मिळणार म्हणा!) तुम्ही अंगणात खडूनं ८ बाय १० फुटांचा चौकोन आखा, दोघं आडवे व्हा. जागा उरते की नाही?

जागा मात्र ज्ञानगंगा अभयारण्यात शोधू नका हं. १९९७ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य अस्वलांचं, बिबट्यांचं घर. २०१९ साली टिपेश्वरहून निघालेला एक वाघ ३००० किलोमीटरांहून जास्त भटकला आणि इथं येऊन राहिला होता. त्याच्या वाटेवर आपला दिवा कशाला? शेताचा बांध पुरे. आणि साग स्वतःच्या शेतातला असला, तरी तोडायला परवानगी लागते, हे घरच्यांना विचारून घ्या.

आमचे उरलेले दोन खांब शेवटी गोठ्याला लागले, तळखड्यावर. दुसऱ्या बाजूला आबांनी बांबू उभे केले. ते दरवर्षी पावसाळ्याआधी बदलायचं काम, मी दहावी होईपर्यंत, माझ्याकडे आणि आतेभावाकडे होतं.