बलुतं नको, करार पाहिजे

परवा अभ्यासवर्गात एकजण उठून म्हणाला, "झाडूवाल्यांच्या पगारासाठी कशाला भांडायचं? बाबासाहेबांनी घाण कामं सोडायला सांगितली. आपण झाडू सोडायची भाषा करायची, झाडूचा भाव वाढवायची नाही." टाळ्या पडल्या. मी गप्प बसलो. रात्रपाळी करून सरळ तिथं आलो होतो, डोळ्यांत कापूस, जीभ जड. आता लिहितोय.

माझी आय आमच्या शहराच्या महापालिकेचे रस्ते झाडते. बारा वर्षं झाली. महापालिकेच्या कागदावर ती नाही, कंत्राटदार आहे. टेंडर बदललं की कंत्राटदार बदलतो. रस्ता तोच, झाडू तोच, मुकादम तोच, आणि आयची नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून. बारा वर्षांत ती सहादा 'नवीन' लागली. दिवाळीला तिनं बोनसचं विचारलं तर मुकादम म्हणाला, "मावशी, शेट देतील ते गोड मानून घ्या."

हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे. माझ्या पणज्याला गावात हेच ऐकवायचे. काम हक्कानं करून घ्यायचं आणि दाणे उपकार म्हणून पदरात टाकायचे. कंत्राट म्हणजे टेंडर काढलेलं बलुतंच की!

सामुदायिक वाटाघाटीचा हक्क, हा शब्द पुस्तकी आहे. मला त्याचा समजलेला अर्थ एवढाच : मालकानं आपल्यासमोर खुर्ची टाकायची, एकेकट्याला दम न देता सगळ्यांच्या युनियनशी बोलायचं, ठरलं ते लिहायचं, सही करायची. बलुतं मागतात. पगार ठरवतात. जोहार घालणाऱ्याचा वंशज खुर्चीवर बसून भाव ठरवतो, ही गोष्ट तुम्हाला क्रांती वाटत नसेल तर तुमची क्रांती तुम्हाला लखलाभ.

बाबासाहेबांनी काम सोडायला सांगितलं, बरोबर. पण त्याच बाबासाहेबांनी मुंबईत म्युनिसिपल कामगारांचा संघ उभा केला. १९३८ साली संपाला बेड्या घालणारं औद्योगिक कलह बिल आलं, तेव्हा संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, असं कायदेमंडळात ठणकावलं. ७ नोव्हेंबरला कम्युनिस्टांना बरोबर घेऊन संप केला. १९४३ साली मजूरमंत्री असताना युनियनला मान्यता देणं मालकावर सक्तीचं करणारं बिल मांडलं. १९४७ साली तसा कायदा झालाही, पण अमलात आलाच नाही. फोटोला हार घालणाऱ्यांनी हे वाचलंय का?

युनियन म्हणजे देव नाही, हे गिरणीवाल्याला कोणी शिकवू नये. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत नसत. कारण काय? तुटलेल्या धाग्याला तोंड लागतं, थुंकी लागते! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न टाकला, तेव्हा मालकाइतकाच सवर्ण कामगारही अडचणीत आला. तोच खेळ आज झाडूखात्यात आहे. कायम कामगारांचे पुढारी करार करून पेढे वाटतात, आणि माझी आय दुसऱ्या दिवशी त्या पेढ्यांचे कागद झाडते.

आपण भिंतीवर पँथर रंगवतो. नाव अमेरिकेच्या काळ्या भावांकडून घेतलं, मग त्यांच्या झाडूवाल्यांकडूनही काही घ्या. मेम्फिस शहरात १ फेब्रुवारी १९६८ ला पावसात आडोसा घेतलेले दोन कचरा कामगार गाडीच्या यंत्रात चिरडून मेले. १२ फेब्रुवारीला तेराशेच्या आसपास कामगारांनी काम टाकलं. महापौर हेन्री लोब म्हणाला, संप बेकायदा, युनियनला मान्यता नाही. ते रस्त्यावर आले ते गळ्यात पाटी घालून : मी माणूस आहे. त्यांच्यासाठी गेलेले मार्टिन ल्यूथर किंग तिथंच ४ एप्रिलला मारले गेले. १६ एप्रिलला शहरानं युनियन मान्य केली, पगारवाढ दिली. त्यांनी कचरा उचलायला नकार दिला नव्हता हो. मान खाली घालून उचलायला नकार दिला होता.

आपल्याकडेही झालंय. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघ कंत्राटी सफाई कामगारांसाठी वर्षानुवर्षं लढला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात २७०० कामगारांना कायम करण्याचा निकाल टिकला. पण कोर्टानं एकदा दिलं म्हणजे दरवर्षी बोलणी करायचा हक्क मिळाला असं नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत अनेक युनियन असतील तर एकटीनं बोलणी करायला मस्टरवरचे ५१ टक्के कामगार पाठीशी लागतात. कुणाच्या मस्टरवरचे? आय महापालिकेच्या मस्टरवर नाहीच. मोजायलाच कोणी नाही, तर टक्का कसला काढता? आणि संपाचं नाव काढलं की मेस्मा दाखवतात. एरवी कवडीमोल असलेला झाडू त्या दिवशी अत्यावश्यक होतो.

राहिलं झाडू सोडायचं. सोडायचाच आहे. धाकट्या बहिणीच्या हातात तो येऊ नये म्हणून तर आय झाडते. बहीण नर्सिंगला आहे. कॉलेज फी घेतं, भाषण घेत नाही.

मागण्यांच्या कागदावर एकसष्ट सह्या आणि अंगठे झालेत. आयनं सही केली, अक्षर वाकडं आलं म्हणून दोनदा केली. उरलेल्या सोमवारी पहाटे साडेपाचला हजेरी चौकीवर घ्यायच्यात. माझी पाळी सातला सुटते, मला जमणार नाही. परवा टाळ्या वाजवणाऱ्यांना तर पाळी नसते ना?