कळसूबाईला जावं ते उजेडी

परवा भाचीचा फोन आला, "मामा, शनिवारी रात्री निघायचं, कळसूबाईवर सूर्योदय बघायचा आणि रविवारी दुपारी ठाण्यात परत. बेत कसा आहे?" बेत चुकीचा आहे, असं मी तिला सरळ सांगितलं. १६४६ मीटर उंचीचं, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. ते अंधारात पुढच्याच्या टाचेवर बॅटरी मारत चढायचं, लोखंडी शिड्यांपाशी रांगेत ताटकळायचं, यात डोंगर भेटतच नाही. त्यापेक्षा मधल्या वारी रजा टाकावी, पहाटेच्या लोकलने कसारा गाठावं, तिथून जीप करून इगतपुरी-घोटीमार्गे पायथ्याचं बारी गाव. गावात शिरल्याशिरल्या एखाद्या घरी जेवण सांगून ठेवावं आणि मगच चढाला लागावं. चुलीवरची भाकरी आयत्या वेळी मागण्याची गोष्ट नव्हे. शिडीचा कठडा धरला की हाताला कळतं, किती माणसं इथून गेलीत: मधोमध गुळगुळीत, कडेला गंजाचा खरखरीतपणा. माथ्यावर कळसूबाईचं इवलंसं देऊळ, वाकून आत शिरावं लागतं. नवरात्रात आसपासच्या गावांतली माणसं नेमाने वर येतात, त्यांच्यासाठी हे शिखर नाही, आई आहे. बाहेर आलं की अलंग, मदन, कुलंग हे किल्ले शेजारी शेजारी उभे, आणि दुसऱ्या अंगाला भंडारदरा धरणाचं पाणी चकाकतंय. हे बघायला ऊन हवं. आणि उतरायला चढण्याइतकाच वेळ धरावा, गुडघे बोलतात ते खाली येतानाच. भाचीने मंगळवारची रजा टाकली आहे; भाकऱ्या किती सांगायच्या, एवढंच ठरायचं राहिलंय.