कुत्र्याच्या ताटात काय पडले, आणि का

1860 च्या सुमारास जेम्स स्प्रॅट हा अमेरिकी व्यापारी लंडनमध्ये होता. गोदीत टाकून दिलेल्या टणक जहाजी बिस्किटांवर कुत्री तुटून पडताना पाहून त्याला कल्पना सुचली, असे सांगतात. गव्हाचे पीठ, बीट, भाज्या आणि थोडे मांस यांची बिस्किटे त्याने खास कुत्र्यांसाठी विकायला काढली. त्याच्या कंपनीत नोकरीला असलेल्या चार्ल्स क्रफ्टने 1891 मध्ये स्वतःच्या नावाचे श्वानप्रदर्शन सुरू केले. उत्तम कुत्रा कोणता हे ठरवणारे आणि त्याचे खाणे विकणारे तेव्हापासून शेजारीशेजारी बसले आहेत.

तिथून पुढे कुत्र्याच्या ताटातला बदल बहुतेक वेळा बाजाराच्या सोयीने झाला. अमेरिकेत ट्रक-ट्रॅक्टर आले, घोड्यांना काम उरले नाही, आणि 1922 मध्ये ‘केन-एल रेशन’च्या डब्यातून घोड्याचे मांस कुत्र्यांपुढे आले. दुसऱ्या महायुद्धात पत्रा सैन्याकडे वळला, डबे आटले, तेव्हा कोरडे खाद्य पुढे सरसावले. 1957 मध्ये प्युरिना कंपनीने न्याहारीच्या धान्यपदार्थांचे तंत्र वापरून फुलवलेले दाणे बाजारात आणले. आज आपण पिशवीतून ओततो ते याच घराण्यातले. पाठोपाठ 1960 च्या दशकात, घरचे उरलेसुरले कुत्र्याला घालू नका, असा प्रचार तिथल्या उत्पादकांनी चालवला. माणसाच्या चुलीशी असलेले कुत्र्याचे नाते पिढीभरात संशयास्पद ठरले.

ते नाते फार जुने आहे. पहिल्या शतकातला रोमन शेतीलेखक कोलुमेला राखणीच्या कुत्र्यांना जवाचे पीठ दुधाच्या निवळीत कालवून द्यायला सांगतो. पारशांच्या वेंदिदादमध्ये दूध, चरबी आणि मांस हे कुत्र्याचे योग्य अन्न मानले आहे. आपल्याकडे चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यातला घास कुत्र्यालाही वाढतात. या साऱ्याला शरीराचा आधार आहे. 2013 मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात 2 प्रती असतात, तर कुत्र्यात 4 पासून 30 पर्यंत. माणसाच्या धान्यावर जगता जगता कुत्र्याचे पोट बदलले. म्हणून ‘धान्यविरहित’ या शब्दासाठी जादा पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही. वाटाणे-मसुरांवर भिस्त ठेवणाऱ्या अशा खाद्यांचा हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये सुरू केली. कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. पण ही खाद्ये इतरांहून सरस आहेत, हेही सिद्ध झालेले नाही.

तरीही चूल म्हणजे सारे शुद्ध आणि पिशवी म्हणजे सारे खोटे, असे मी म्हणणार नाही. मॉरिस फ्रँक या अंध गृहस्थांच्या वाटाड्या कुत्र्याला मूत्रपिंडाचा विकार जडला, तेव्हा मार्क मॉरिस या पशुवैद्याने त्याच्यासाठी वेगळा आहार तयार केला. आजच्या उपचारी खाद्यांचा उगम त्यात आहे. उलट, वर्षानुवर्षे नुसती दूधपोळी खाणाऱ्या कुत्र्याला प्रथिने आणि खनिजे पुरत नाहीत. घरचेच द्यायचे असेल तर अंडे, शिजवलेले कोंबडीचे मांस, भात, भोपळा यांचे प्रमाण पशुवैद्याकडून ठरवून घ्यावे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट आणि साखरेऐवजी वापरले जाणारे झायलिटॉल हे सारे कुत्र्याला विषारी आहे. शिजवलेली हाडे फुटून आतडे फाडू शकतात. चंपाषष्ठीला रोडगा जरूर द्या. कांदा घातलेले भरीत नको.

पण सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे ती मोजमाप. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 48 लॅब्राडॉर कुत्र्यांना आयुष्यभर पाहणाऱ्या अभ्यासात कुत्र्यांच्या जोड्या लावल्या होत्या; निम्म्या कुत्र्यांना जोडीतल्या दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणे मिळाले. त्यांचे मध्यक आयुर्मान 13 वर्षे निघाले, इतरांचे 11.2. सांधेदुखीही त्यांना उशिरा गाठत होती. हा अभ्यास एका खाद्यकंपनीनेच केला होता, आणि त्याचे सार ‘कमी वाढा’ असे आहे, म्हणून मला तो अधिक मोलाचा वाटतो. खाऊचेही तेच. दिवसाच्या उष्मांकांपैकी दहाव्या हिश्शाहून जास्त खाऊतून जाऊ नयेत, आणि तो खाऊ गाजराचा तुकडा असला तरी कुत्र्याचा आनंद कमी होत नाही. घरातले चौघे चार वेळा बिस्किट देतात तिथे हिशेब कोणीच ठेवत नाही.

मोजमाप आपल्या हाती असते, पिशवीतल्या मालाची शुद्धता मात्र नसते. 2007 साली उत्तर अमेरिकेत कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. त्यांच्या खाद्यात वापरलेल्या, चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये, प्रथिने जास्त दिसावीत म्हणून, मेलामाइन मिसळले होते. पुढच्याच वर्षी तेच मेलामाइन चीनमध्ये लहान मुलांच्या दूधभुकटीत सापडले; 6 बालके दगावली आणि जवळपास 3 लाख आजारी पडली. कुत्र्याच्या वाडग्यातून इशारा आधी मिळाला होता. आपल्याकडे मात्र 2006 चा अन्नसुरक्षा कायदा ‘अन्न’ या व्याख्येतून पशुखाद्य वगळतो. श्वानखाद्याला सक्तीचे मानक, प्रत्येक पिशवीवर मुख्य घटकांची टक्केवारी आणि उष्मांक, दोष आढळल्यास माल परत बोलावण्याची उत्पादकावर जबाबदारी, एवढे तरी कायद्यात यायला हवे. ही मागणी पशुवैद्यांच्या संघटनांनी आणि कुत्री पाळणाऱ्या शहरी कुटुंबांनी आता मिळून केली पाहिजे.