साठ नव्हे, त्रेसष्ट

‘भारतातलं सर्वांत भयानक कब्रस्तान’ असं शीर्षक दिलं की व्हिडिओ चालतो. घुबडाचा आवाज, बाईचा हुंदका आणि मोबाईलच्या टॉर्चमध्ये काळे दगड. ते दगड असतात विजापूरच्या साठ कबरीचे. खाली ‘खतरनाक भाई’ लिहिणाऱ्यांत आपलीही पोरं असतात, आणि पुढच्या सुट्टीत रात्री तिथं जाऊन आपलाही एक रील काढायचा बेत तेच करतात. म्हणून हे त्यांच्यासाठी.

आधी मोजू. शहराबाहेर एका चौथऱ्यावर सात ओळींत या कबरी आहेत. पहिल्या चार ओळींत प्रत्येकी 11, पाचवीत 5, शेवटच्या दोनांत 7-7. बेरीज 63. लोकांच्या तोंडी मात्र ‘साठ’. तीन बायका नावातच गळून पडल्या आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही. सगळ्या कबरींचा माथा सपाट आहे, म्हणजे त्या बायकांच्या. पुरुषाच्या कबरीवर कलमदान असतं, हे आपल्याकडे पोरांनाही ठाऊक असतं. एकीवरही नाव नाही.

दंतकथा अशी: 1659 मध्ये अफजलखान शिवाजी महाराजांवर चालून निघाला. ज्योतिष्यांनी सांगितलं, परत येणार नाहीस. आपल्यामागे बायकांनी दुसरा घरोबा करू नये म्हणून त्याने त्यांना एकेक करून विहिरीत ढकललं. हेन्री कझिन्सच्या विजापूरच्या वास्तूंवरील 1916 च्या पुस्तकातही ही कथा आहे. पण पुस्तकात नोंदवली म्हणून दंतकथेचा पुरावा होत नाही.

‘सगळ्या कबरी एकसारख्या, म्हणजे एकाच वेळी मेल्या’ हा युक्तिवाद तर मला, सॉफ्टवेअरवाल्याला, फारच कच्चा वाटतो. जुना डेटा नव्या सर्व्हरवर हलवला की हजारो नोंदींवर एकच तारीख पडते. म्हणून त्या सगळ्या नोंदी एका दिवशी जन्मल्या असं कुणी म्हणत नाही. एका घराण्याच्या बायका वर्षानुवर्षं एका जागी पुरल्या गेल्या आणि दगड नंतर एकाच साच्याचे बसवले, असंही असू शकतं. खून झालेच नाहीत, असं मी म्हणत नाही. पुराव्याशिवाय खात्री देणारे दोन्हीकडचे लोक मला नको आहेत.

कारण दुसरीकडेही लोक आहेत. कुणी ही कथा आपल्याला डिवचायला वापरतो, की आपले काही जण लगेच खानाचे वकील होऊन धावतात, जणू तो आपला सख्खा चुलता. तो आदिलशाहीचा सरदार होता. त्याने बायका मारल्या असतील तर तो खुनी, बस्स. त्याची अब्रू सांभाळायचा ठेका आपण घेतलेला नाही. प्रतापगडाखाली तो मारला गेला आणि तिथेच दफन झाला. विजापुरात स्वतःसाठी बांधलेला मकबरा त्याच्या कामी आला नाही. या भांडणात 63 बायका पुन्हा बाजूलाच राहतात. भूतवाल्यांना त्यांच्या किंकाळ्या हव्यात, राजकारणवाल्यांना त्यांचा आकडा. त्या कोण होत्या, हे कुणालाच विचारायचं नाही.

आणि भूत? इस्लामच्या आधी अरबस्तानात समज होता की ज्याच्या खुनाचा बदला घेतला गेला नाही, त्याच्या कबरीवर घुबड येऊन पाणी मागत ओरडतं. त्याला ‘हामा’ म्हणत. हामा असं काही नसतं, हे रसूलुल्लाह (स.) यांनी स्पष्ट सांगितलं; हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. म्हणजे चौदाशे वर्षांपूर्वी खोडलेली गोष्टच आज रीलमध्ये घुबडाच्या आवाजासकट परत आली आहे. कबरींची जियारत करायला मात्र त्यांनी सांगितलं, कारण तिथे आपल्याला आपला मृत्यू आठवतो. त्यात टॉर्च आणि किंकाळी बसत नाही.

हे फक्त विजापूरचं नाही. आमच्या भोकरदनसारख्या गावांत मगरिबनंतर कब्रस्तानाकडून जाऊ नको, अत्तर लावून जाऊ नको, केस मोकळे सोडू नको, हे मुलींना अजून सांगितलं जातं. भीतीने माणसं जायची थांबतात. मग बाभळी वाढतात, कचरा पडतो, कुंपण एकेक हात आत सरकतं. भुताची कहाणी कुणाच्या सोयीची आहे ते यावरून ओळखा. 2025 च्या वक्फ सुधारणा कायद्याने ‘वापरातून वक्फ’ ही तरतूद पुढच्या काळासाठी काढून टाकली. ‘इथं पिढ्यान्पिढ्या दफन होतंय’ एवढ्यावर यापुढे नव्याने वक्फ ठरणार नाही, कागद लागणार. तो कागद भुताला घाबरणारी पोरं आणणार आहेत का?

नावं न लिहिण्याची किंमत भोकरदनला वेगळी सांगायला नको. 23 सप्टेंबर 1803 च्या असईच्या लढाईआधी शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा तळ भोकरदनपासून असईपर्यंत पसरला होता. वेलस्लीच्या बाजूचे मेलेले नेमके मोजलेले आहेत, 428. आपल्या मातीतल्या शिपायांचा, त्यांत हिंदू आले नि मुसलमानही, फक्त अंदाज आहे. गोल आकडा. ‘साठ’सारखाच.

तेव्हा विजापूरला जरूर जा, पण दिवसा जा. सलाम करा, कबरींवर पाय देऊ नका, स्वतः मोजा आणि रील काढायचाच असेल तर त्यात 63 हा आकडा सांगा. परत आल्यावर जुम्याच्या नमाजनंतर गावच्या कब्रस्तानात टेप आणि मोबाईल घेऊन चार जण उभे राहा. चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश घ्या, सातबारा काढून गट नंबर ताडून बघा, वक्फ मंडळाकडे नोंद आहे का विचारा. वाचता येतात ती नावं एका एक्सेल शीटमध्ये भरा. ज्यांवर नाव नाही त्या कबरींसाठी घरातल्या म्हाताऱ्यांना, विशेषतः नानी-दादींना विचारा. कोण कुठे आहे ते त्यांना अजून आठवतं.