कानाला शिस्त, डोळ्याला सुट्टी

माधव नगरात कोणाच्या घरी मैफल ठरली म्हणजे यजमानाची आठ दिवस झोप उडते. साथीला कोण, पेटी कोणाची, गालिचा कोठून आणावयाचा, गवयाला रात्री जेवणात काय चालते आणि काय चालत नाही, याची चौकशी होते; तानपुऱ्यांची जवारी आदल्या दिवशीच पाहून ठेवली जाते. एवढे सगळे झाल्यावर कोणाला तरी निमंत्रणपत्रिकेची आठवण होते. मजकूर मोबाइलवरून छापखान्यात जातो आणि तासाभरात पत्रिका परत येते. तीत गुलाबाची फुले असतात, सोनेरी महिरप असते, गवयाचा चेहरा कोठल्या तरी लग्नातल्या फोटोतून कापून घेतलेला असतो, आणि खाली लिहिलेले असते, ‘वेल : सायंकाली सात’. ‘स्थळा’चे ‘स्थल’ झालेले असते, यजमान काळे असतील तर त्यांचे ‘काले’ झालेले असतात. ही पत्रिका दोनशे घरांत जाते आणि कोणी चकार शब्द काढीत नाही. त्याच दोनशे घरांतली मंडळी मैफलीत गंधार केसभर उतरला तर मात्र एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

ही गोष्ट मला पुष्कळ दिवसांपासून खुपते. मी गाणे शिकवणारा मनुष्य. पण मला तीन गोष्टींचे वेड आहे असे माझे विद्यार्थी सांगतात आणि ते खरे आहे : आजचे गाणे, हाताने घडविलेले अक्षर आणि छायाचित्र. पहिल्या वेडाने मी बिघडलो आहे असे जुन्या मंडळींना वाटते. उरलेली दोन रिकामपणाची लक्षणे समजली जातात. ‘मास्तर, तुम्ही दरबारी गवयाचे चिरंजीव, तुम्ही हे काय घेऊन बसलात?’ असे एका पालकांनी मला विचारले. विचारले ते आपुलकीने, म्हणून उत्तर जरा सविस्तर द्यावे म्हणतो.

माझे वडील सोळाव्या वर्षी ग्वाल्हेर दरबारच्या पटावर चढले आणि १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले तेव्हा त्यांच्या नोकरीला पुरती तीन वर्षेही झाली नव्हती. मी त्यांचा उतारवयातला मुलगा. दरबार मी पाहिला नाही, त्याच्या गोष्टी ऐकल्या. आणि त्या गोष्टींतला दरबार मुळीच जुनाट नव्हता. ज्या माधवराव शिंद्यांचे नाव आपल्या वस्तीला आहे, त्यांनी १९१८ साली भातखंड्यांच्या मार्गदर्शनाने ग्वाल्हेरात संगीताची शाळा काढली. त्यासाठी ग्वाल्हेरचे गवई आधी मुंबईला स्वरलिपी शिकावयास पाठविले. त्यांत राजाभैया पूछवाले होते. पिढीजात गायकी ज्यांच्या गळ्यात, त्यांनी खडू घेऊन फळ्यावर गाणे लिहावयास शिकावयाचे! आज तीच स्वरलिपी समोर ठेवून मी मुलांना यमन शिकवतो आणि पालक समाधानाने म्हणतात, परंपरा टिकून आहे.

इंदूरचे उदाहरण याहून बोलके आहे. लाला दीनदयाळ १८६६ मध्ये इंदुरास बांधकाम खात्यात नकाशे काढण्याच्या कामावर आले. कॅमेरा त्यांनी तेथेच हाती घेतला आणि दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचा आश्रय त्यांना मिळाला. पुढे निजामाने त्यांना ‘राजा’ ही पदवी दिली म्हणून आपण त्यांना हैदराबादचे समजतो. पण तो डोळा तयार झाला माळव्यात. त्याच होळकर घराण्यातल्या यशवंतरावांनी १९३० च्या पुढल्या तीन वर्षांत एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग बांधून घेतली, ब्रांकुशी या शिल्पकाराचे आकाशात झेपावणारे पक्षी विकत घेतले, आणि मान रे यांच्या कॅमेऱ्यासमोर ते व संयोगितादेवी असे बसले की ती छायाचित्रे कालच काढली असावीत असे वाटावे. रयतेच्या पैशाने हे परदेशी पक्षी कशाला, हा प्रश्न रास्त आहे, तो मी टाळीत नाही. परंतु दृष्टी होती, हेही कबूल करावयास हवे. माणिकबागेतले सामान १९८० मध्ये मोनॅकोला लिलावात निघाले आणि वाड्यात आता कर खात्याचे कार्यालय आहे. २०१९ मध्ये पॅरिसमध्ये या महाराजांच्या रसिकतेवर मोठे प्रदर्शन भरले. आपल्याकडे त्यांचे नाव निघते ते बहुधा क्रिकेटच्या संदर्भात.

आता गाण्याचे. देवास आपल्यापासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर. १९४८ साली कुमार गंधर्व क्षयाने खंगलेले असे तेथे हवापालटासाठी येऊन राहिले. गाणे बंद होते. अंथरुणावर पडल्या पडल्या बाहेरून जाणाऱ्या बायकांची माळवी गाणी कानांवर येत. त्या धुना चार-पाच स्वरांत फिरतात, त्यांना ना आलाप ना तान. पण कोणता स्वर कोणत्या स्वराला धरून येतो याचा त्यांचा नियम पक्का असतो, आणि रागाचे बीज तेथेच असते असे कुमारांच्या लक्षात आले. मग त्या धुनांतून त्यांनी राग उभे केले : मालवती, संजारी, लगनगंधार. ‘अनुपरागविलास’ १९६५ मध्ये निघाले त्यात पाहावे. अधू झालेल्या फुप्फुसाला लांब दमसास परवडत नव्हता. तेव्हा लहान, अचानक उठणारे आणि मध्येच शांत होणारे स्वरवाक्य ही त्यांची रीत झाली. मी विद्यार्थ्यांना ती शांतता मोजावयास लावतो. तेवढी शिकली तरी पुष्कळ झाले.

या गाण्याला ‘घराणे सोडले’ म्हणून नाके मुरडणारी माणसे माळव्यातही कमी नव्हती. कुमार १९९२ मध्ये गेले, आणि आज त्यांचीच निर्गुणी भजने आपल्या घरांत पहाटे लागतात. नव्या गाण्याला झोडपण्यासाठी दाखला द्यावयाचा तो कुमारांचा! माझी हरकत आहे ती याला. मुंबईची तरुण मुले ‘अभंग रिपोस्ट’ या नावाने संतांचे अभंग गिटार आणि ड्रमच्या साथीत गातात. माझ्या वर्गातल्या मुलाने ते ऐकवले तेव्हा ड्रम मला जरा जास्त वाटला, आजही वाटतो. पण शब्द स्वच्छ आहेत, ओवीचा डौल सांभाळलेला आहे, आणि ज्या मुलाला हरिपाठ म्हणजे आजीची पोथी एवढेच ठाऊक होते तो अर्थ विचारावयास आला. ‘सैराट’ (२०१६) साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. गावकुसाबाहेरच्या प्रेमाच्या गोष्टीला एवढा थाट कशाला, असे म्हणणाऱ्यांनी ते व्हायोलिनचे थर एकदा नीट कान देऊन ऐकावेत. नुसता गोंगाट मलाही नको आहे. निवड करावी, आणि निवड करावयाची तर आधी ऐकावे लागते.

अक्षराकडे वळतो. आपल्या आजोबांच्या देवघरात निर्णयसागरची पोथी असे. जावजी दादाजींनी पाडून घेतलेले ते खिळे इतके देखणे की पोथी न वाचता नुसती पाहत बसावी. तो वारसा मेला नाही. मराठी नाटकांच्या जाहिराती जुन्या वर्तमानपत्रांत काढून पाहा : कमल शेडगे यांनी नाटकाचे नाव असे रेखाटावे की नाटक पौराणिक आहे की फार्स, हे तिकिटाआधी कळावे. ते २०२० मध्ये गेले. र. कृ. जोशी यांनी बोरूचे वळण संगणकात नेले. कित्येक वर्षे आपल्या संगणकांवर असलेला ‘मंगल’ टंक त्यांचा. आज ‘एक टाइप’ या मुंबईच्या मंडळींनी ‘मुक्ता’, ‘बलू’ असे टंक घडवून ते कोणालाही विनामूल्य वापरावयास ठेवले आहेत. म्हणजे ‘चांगली अक्षरे परवडत नाहीत’ ही सबब आता उरली नाही.

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या घरांना यात आणखी एक गोष्ट गुंतलेली आहे. हिंदी आणि मराठी एकाच लिपीत लिहितात, तरी मराठीचा श देठाचा आणि ल पाकळीचा. महाराष्ट्र शासनानेही तेच रूप मराठीचे म्हणून धरले आहे. संगणकाच्या लेखी दोन्ही भाषांचा श एकच. त्याला कोणता आकार द्यावयाचा हे टंक ठरवतो, आणि टंक निवडतो छापखान्यातला मुलगा. त्याचा दोष नाही, त्याची भाषा माळवी किंवा हिंदी आहे. दोष पत्रिका तपासून न देणाऱ्या घरधन्याचा. ‘ळ’ तर आकाराचाही प्रश्न नाही, तो उच्चार आहे. माझ्या वर्गात चौथ्या-पाचव्या पिढीची मराठी मुले येतात. ‘बाळ’ हा शब्द ती ‘बाल’ असा गातात, कारण डोळ्यांनी तो तसाच पाहिलेला असतो. शाळेत मराठी नाही, घरात मराठी पुस्तक नाही. वर्षातून पाच-सहा वेळा मराठी अक्षर त्यांच्यासमोर येते ते याच पत्रिकांतून. डोळ्याची ही सुट्टी शेवटी गळ्यापर्यंत पोचते.

ज्यांना वाटते की पाहणे हे गावयाच्या गावात दुय्यम, त्यांना मी याच उज्जैनीतले वि. श्री. वाकणकर आठवून देतो. १९५७ मध्ये आगगाडीच्या खिडकीतून दिसलेल्या खडकांसाठी ते वाटेत उतरले आणि भीमबेटका जगाला कळले. खिडकीतून ते खडक किती जणांनी पाहिले असतील! वाकणकर चित्रकार होते म्हणून त्यांना ते दिसले, आणि गुहांतली चित्रे त्यांनी वर्षानुवर्षे कागदावर उतरवून घेतली.

छायाचित्राचेही तसेच. पुण्याचे सतीश पाकणीकर सवाई गंधर्व महोत्सवात गवयांची छायाचित्रे टिपीत आले आणि तेथेच ती प्रदर्शनांतून मांडीत आले. गवई समेवर येतो त्या क्षणीचा त्याचा हात कसा होता, हे ध्वनिमुद्रिकेत ऐकू येत नाही; ते असल्या चित्रांतच राहते. आपल्या मैफलींत आज पन्नास मोबाइल वर होतात आणि पन्नासही चित्रे पुढल्या दिवाळीपर्यंत पुसली जातात. एकाच जाणत्या माणसाला एका बाजूला, दिव्याचा झोत न पाडता बसू द्यावे, बाकीच्यांनी हात खाली ठेवावेत.

जुनी चित्रे तर त्याहून निकडीची. आमच्या घरी दरबारी बैठकीचा एक फोटो आहे. वडील कडेला तानपुऱ्यावर आहेत, मधल्या गवयांचे नाव मागे लिहिले आहे. तबल्यावर बसलेल्या गृहस्थांना ओळखणारे शेवटचे माणूस गेल्या पावसाळ्यात गेले. असे फोटो आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाटात, काळ्या कागदाच्या आल्बमात आहेत, आणि त्यांतले चेहरे सांगू शकणारी मंडळी आता ऐंशीच्या पुढे आहेत. रविवारी सकाळी माझा वर्ग अकराला सुटतो. ज्यांच्याकडे मैफलींचे, संगीतसभांचे, गणेशोत्सवातल्या गाण्यांचे फोटो किंवा जुन्या पत्रिका असतील त्यांनी त्या घेऊन यावे, शक्य तर घरातल्या वडीलधाऱ्या माणसासह. माझे दोन विद्यार्थी तेथेच त्यांची प्रत काढून घेतील आणि मूळ चित्र लगेच परत देतील. नावे मागच्या बाजूस मऊ शिसपेन्सिलीने लिहावीत. बॉलपेनाने लिहू नये, त्याचा वळ पुढल्या बाजूस उमटतो. आल्बमात चिकटून बसलेले चित्र ओढून काढू नये, आल्बमच आणावा.