विश्लेषण : इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे ‘बंगले’ समुद्रात का जात आहेत?

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील नॉरफोक परगण्यात हेम्सबी नावाचे गाव आहे. तेथे २०१३, २०१८ आणि २०२३ मध्ये लाटांनी वाळूच्या टेकड्या कापून नेल्या आणि त्यांवरची घरेही गेली. काही थेट खाली कोसळली, काही पडण्याआधीच पाडावी लागली. किनाऱ्याची धूप अशीच सुरू राहिली तर २०५५ पर्यंत इंग्लंडमधील सुमारे ३,५०० मालमत्ता धोक्यात येतील, असे तेथील पर्यावरण यंत्रणेने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केलेला नकाशा सांगतो. मुळात इतक्या काठावर घरे बांधली कोणी?

पूर्वीची घरे कशी होती?

समुद्राचे दृश्य पाहण्यासाठी घर बांधणे ही तशी अलीकडची हौस. कोळ्याला समुद्र दिवसभर दिसतच असे. घरी आल्यावर त्याला वाऱ्यापासून आडोसा हवा असायचा. त्यामुळे जुन्या वस्त्या दाटीवाटीच्या, अरुंद गल्ल्यांच्या. कॉर्नवॉलमधील सेंट आइव्हजला ग्रॅनाइटच्या भिंती, तळमजल्यावर मासे खारवायची जागा आणि वर राहती खोली. नॉरफोकला भिंतींत गारगोटीचे दगड आणि वीट. अठराव्या शतकात डॉक्टर समुद्रस्नानाचा सल्ला देऊ लागले, तेव्हा ब्रायटनसारख्या ठिकाणी श्रीमंतांच्या उंच घरांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि त्यांना पुढे आलेल्या गोलाकार खिडक्या आल्या. बाजूच्या घरांची भिंत आड न येता समुद्र दिसावा, म्हणून.

मग ‘बंगला’ तेथे कसा पोहोचला?

शब्द आपल्याकडचाच, बंगाली धाटणीचे बैठे घर तो बंगला. १८७०च्या सुमारास केंट परगण्यात जॉन टेलर या वास्तुरचनाकाराने समुद्रकिनारी असे बंगले बांधले. ते पैसेवाल्यांच्या सुट्टीसाठी होते. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हीच कल्पना कामगारवर्गापर्यंत पोहोचली. स्वस्तात लहान भूखंड घ्यायचा आणि लाकडाची, पत्र्याची खोली उभी करायची. कोणी तर रेल्वेचे जुने डबेच आणून ठेवले. एसेक्समधील जेविक हे त्याचे ठळक उदाहरण. ही घरे उन्हाळ्यापुरती होती. पण लोक तेथेच कायमचे राहू लागले. १९४७च्या नगरनियोजन कायद्याने अशा मनमानी बांधकामाला आळा घातला, तरी उभ्या राहिलेल्या वस्त्या राहिल्याच. याच जेविकचा एक भाग २०१० पासून सरकारच्या प्रत्येक पाहणीत इंग्लंडमधील सर्वांत वंचित वस्ती ठरला आहे. तेव्हा ‘समुद्रकाठचा बंगला’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र येते, ते येथे बाजूला ठेवलेले बरे.

भिंत बांधून प्रश्न सुटत नाही का?

हा किनारा काळ्या पाषाणाचा नाही. उत्तरेकडील होल्डरनेसला हिमयुगात साचलेली चिकणमाती वर्षाला दीड-दोन मीटर मागे सरकते. हेम्सबीच्या उत्तरेला हेझबरो (स्पेलिंग वाचून हा उच्चार कुणाच्याही लक्षात येणार नाही) गावात १९५३च्या महापुरानंतर लाकडी अडसर उभारले गेले. १९९०च्या दशकात ते मोडले आणि पुढे पूर्णपणे बदललेच गेले नाहीत. कारण केवळ पैशाचे नव्हते. कड्याची झिजलेली वाळूच प्रवाहाबरोबर दक्षिणेकडील किनाऱ्यांवर जाऊन साचते. एका गावाला भिंत घातली की पुढच्या गावाची वाळू तुटते. म्हणून प्रत्येक पट्ट्यासाठी किनारा व्यवस्थापन आराखडा आहे. कोठे रेषा राखायची, कोठे हळूहळू माघार घ्यायची आणि कोठे काहीच करायचे नाही, हे त्यात ठरते. निधी देताना खर्चाच्या तुलनेत किती घरे व किती मालमत्ता वाचणार, हे पाहिले जाते. मोठे शहर त्यात सहज बसते. विरळ वस्तीची गावे बसत नाहीत.

भरपाई मिळते का?

नाही. धुपीमुळे गेलेल्या घराला सरकारी भरपाईची तरतूद नाही आणि सर्वसाधारण गृहविम्यातही धूप वगळलेली असते. मदत मिळते ती घर पाडण्यासाठी, जास्तीत जास्त सहा हजार पौंड. अपवाद हेझबरोचा. तेथे एका प्रायोगिक योजनेत कड्यावरील नऊ घरे सरकारी पैशातून विकत घेऊन २०१२ मध्ये पाडली गेली आणि त्यांच्या बदल्यात आतल्या बाजूला घरे बांधण्यास परवानगी मिळवण्यात आली. ही योजना सर्वत्र मात्र लागू झाली नाही. २०२२ मध्ये नॉर्थ नॉरफोक आणि ईस्ट रायडिंग या दोन भागांसाठी ३ कोटी ६० लाख पौंडांचा नवा कार्यक्रम जाहीर झाला. वस्ती आधीच मागे कशी न्यायची, याचे प्रयोग त्यात आहेत.

घरांची रचना बदलेल का?

काही प्रमाणात बदलते आहे. धूप होणाऱ्या पट्ट्यात नव्या पक्क्या घरांना परवानगी मिळणे अवघड झाले आहे. ठरावीक मुदतीची, उचलून नेता येतील अशी बांधकामे चालतात. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी ज्या हलक्या लाकडी खोल्यांना नाके मुरडली गेली, जवळपास तोच प्रकार आता नियमात बसतो. पण घर उचलले तरी ते ठेवायला मागे जमीन लागते. हेम्सबीच्या टेकड्यांवर राहणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे ती नाही.