सैनिक होता, पण ‘माजी सैनिक’ नाही

डिसेंबर उजाडला की कॉलेजच्या गेटवर कुणीतरी शर्टाला छोटासा झेंडा टोचून दहा-वीस रुपये मागतं, आठवतंय? लाल, गडद निळा, आकाशी असे तीन पट्टे. आपण पैसे देतो, एखादा सेल्फी काढतो आणि लेक्चरला पळतो. तो ७ डिसेंबर, सशस्त्र सेना ध्वजदिन. १९४९ पासून पाळला जातो. ते पैसे पुढे कुठं जातात हे मी इंटर्नशिपला लागेपर्यंत कधी विचारलं नव्हतं, तुम्हीही बहुतेक विचारलं नसेल.

ध्वजदिन निधी राज्याचाही असतो आणि केंद्राचाही. केंद्राच्या निधीचं काम दिल्लीतलं केंद्रीय सैनिक बोर्ड बघतं. संरक्षणमंत्री त्याचे अध्यक्ष, तिन्ही दलांचे प्रमुख आणि राज्यांचे मुख्यमंत्री सदस्य. मूळ पहिल्या महायुद्धाच्या काळातलं, आजचं नाव १९७५ चं. आपल्याकडे त्याची राज्यातली बाजू म्हणजे पुण्याचा सैनिक कल्याण विभाग आणि प्रत्येक जिल्ह्यातलं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. छत्रपती संभाजीनगरातही ते आहे. छावणीमुळे आपल्या शहराला फौज नवी नाही, पण या कार्यालयाची पायरी आपल्यापैकी किती जणांनी चढलीय?

चढायला हवी, कारण त्यात तुमच्या कामाचं बरंच आहे. तुमचे वडील किंवा आई सैन्यातून निवृत्त झाले असतील आणि तुम्ही इंजिनिअरिंग, मेडिकल, बीसीए, बीबीए, बी.एड. अशा व्यावसायिक कोर्सच्या पहिल्या वर्षाला असाल, तर पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना तुमच्यासाठी आहे. मुलींना महिन्याला ३,०००, मुलांना २,५०० रुपये. देशभरात दरवर्षी ५,५०० जणांना मिळते, निम्म्या मुली आणि निम्मी मुलं. बारावीला (किंवा त्या कोर्सला जी पात्रता लागते तिला) किमान ६० टक्के हवेत. ग्यानबाची मेख अशी की अर्ज पहिल्या वर्षालाच करावा लागतो. सेकंड इयरला कळलं तर गाडी गेली. आणि अर्जाला वडील माजी सैनिक असल्याचं प्रमाणपत्र लागतं, ते याच जिल्हा कार्यालयातून.

या प्रमाणपत्रावरचा ‘माजी सैनिक’ हा शब्द नीट बघा. शिष्यवृत्ती, ईसीएचएसचे उपचार, कॅन्टीन कार्ड, सरकारी नोकरीतल्या राखीव जागा, सगळ्यांची चावी तोच शब्द आहे. नुसती वर्दी घातली म्हणून तो मिळत नाही. व्याख्या साधारण अशी: पेन्शन घेऊन बाहेर पडलेला, किंवा ठरलेली मुदत पूर्ण करून ग्रॅच्युइटी मिळालेला. म्हणूनच शॉर्ट सर्व्हिस कमिशनचा अधिकारी पेन्शन न मिळताही माजी सैनिक असतो. त्याला ग्रॅच्युइटी मिळालेली असते.

अग्निवीराला यातलं काहीच नाही.

सकाळी साडेपाचला गोगाबाबा टेकडीकडे कधी गेलात तर भरतीची मुलं दिसतील. सिल्लोड, कन्नड, वैजापूरकडून येऊन इथं खोली करून राहिलेली, घामाघूम, हातात स्टॉपवॉच. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली तेव्हा यांचे मोठे भाऊ असेच धावत होते. चार वर्षं नोकरी. पहिल्या वर्षी महिना ३०,००० पगार, त्यातले ९,००० सेवा निधीला कापून २१,००० हातात. चौथ्या वर्षी पगार ४०,०००. सरकार निधीत तेवढीच भर घालतं आणि शेवटी व्याजासह सुमारे ११.७१ लाख मिळतात, करमुक्त. चौथ्या वर्षानंतर जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतील, बाकीचे घरी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, ईसीएचएस नाही, कॅन्टीन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. हे सगळं योजनेच्या अटींमध्ये पहिल्या दिवसापासून लिहिलेलं आहे, लपवलेलं नाही. पहिल्या वर्षासाठी ४६,००० जागा जाहीर झाल्या होत्या. त्या पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस भरायला लागतात.

म्हणजे बाहेर पडताना त्यातल्या बहुतेकांचं वय असेल २१ ते २५. आपलंच. कदाचित बारावीला तुमच्या बाकावर बसलेला मुलगा.

सैन्य तरुण हवं, पेन्शनचा बोजा वाढतोय, ही सरकारची बाजू आहे आणि ती अगदीच पोकळ नाही. पण मला प्रश्न पडतो तो बाहेर पडल्यानंतरचा. सांगितलं जातं की नोकऱ्या राखीव आहेत. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत १० टक्के जागा तर योजनेसोबतच जाहीर झाल्या. चांगलंच आहे. फक्त जुन्या आरक्षणाचं काय झालं तेही बघू. केंद्राच्या गट ‘क’ पदांमध्ये माजी सैनिकांना १० टक्के आणि जुन्या गट ‘ड’ मध्ये २० टक्के जागा आहेत. जून २०२१ च्या आकडेवारीत माहिती देणाऱ्या केंद्रीय खात्यांमधलं त्यांचं प्रत्यक्ष प्रमाण होतं गट ‘क’ मध्ये दीड टक्क्याच्याही खाली आणि गट ‘ड’ मध्ये तीन टक्क्यांच्या आत. काही ठिकाणी पात्र उमेदवार मिळत नाहीत, काही ठिकाणी निवड होऊनही लोक रुजू होत नाहीत, अशी कारणं दिली जातात. कारण काहीही असो, कागदावरचा टक्का आणि हजेरीपटावरचा टक्का वेगळा निघतो. बारा-पंधरा वर्षांच्या अनुभवाच्या माणसाचं हे झालं, तर चार वर्षांवाल्याचं काय होईल?

पेन्शनशिवाय घरी आलेला सैनिक हा काही नवा प्रकार नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्य २५ लाखांवर गेलं आणि युद्ध संपल्यावर लाखो जणांना घरी पाठवलं गेलं. त्यातल्या हयात असलेल्यांना आणि त्यांच्या विधवांना महाराष्ट्र सरकार दरमहा मानधन देत आलंय. केंद्रीय सैनिक बोर्डाकडेही ६५ च्या पुढच्या, पेन्शन आणि उत्पन्न नसलेल्या माजी सैनिकांसाठी आणि विधवांसाठी मदत आहे. महिना ४,००० होती, नोव्हेंबर २०२५ पासून ८,००० झाली. मुलांच्या शिक्षणाची मदतही दरडोई १,००० वरून २,००० वर गेली. म्हणजे पेन्शन नसलेल्याला म्हातारपणी मदत लागते, हे या व्यवस्थेला अनुभवाने माहीत आहे. तरीही अग्निवीराला याच यादीतून बाहेर ठेवलंय.

कुटुंबाचं सांगायचं तर ऑक्टोबर २०२३ आठवा. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातला अग्निवीर सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना मरण पावला आणि एकदम वाद पेटला. ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचं सानुग्रह अनुदान, सेवा निधी, उरलेल्या मुदतीचा पगार... सैन्याने यादी दिली. रक्कम मोठी होती, खोटं कशाला बोला. पण नेहमीच्या जवानाच्या घरी दर महिन्याला येते ती फॅमिली पेन्शन त्या यादीत नव्हती. एकरकमी पैसा आणि दरमहा येणारा पैसा यातला फरक शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही सांगायला नको.

माझं मत विचाराल तर अग्निवीराला पेन्शन द्यायची की नाही, हा वाद दिल्लीत चालू राहील. पण माजी सैनिकाचा दर्जा देणं वेगळं आणि पेन्शन देणं वेगळं, शॉर्ट सर्व्हिसवाल्यांनी ते दाखवून दिलंय. निदान जिल्हा सैनिक कार्यालयात नाव नोंदवता यावं, नोकरीची माहिती मिळावी, पुढे मुलांसाठी शिष्यवृत्तीचा अर्ज करता यावा. त्यासाठी नवीन खातं उघडायचं नाही, व्याख्येत एक ओळ घालायची आहे.

आणि काही जण परत शिकायलाही येतील. इग्नूने अग्निवीरांसाठी पदवीची सोय केलीय, निम्मे क्रेडिट्स सैन्यातल्या प्रशिक्षणाचे धरले जातात. म्हणजे २०२७ च्या जूनमध्ये ॲडमिशनच्या रांगेत तुमच्या पुढे एखादा ताठ पाठीचा, बारीक केस कापलेला मुलगा उभा असू शकतो. फॉर्मवर ‘माजी सैनिक आहात का? होय / नाही’ असा रकाना असतो. तिथं तो काय लिहिणार?